न झालेलं भांडण

नकाशेकाकांनी उभी हयात नकाशे काढण्यात घालवली. चहाचा पेला डाव्या हातात धरून उजव्या हाताने ते केसाएवढी बारीक रेघ ओढायचे, असं कचेरीतले लोक अजूनही सांगतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी पक्षी बघणाऱ्यांची एक टोळी जमवली आणि अठरा वर्षं, महिन्यातून एका रविवारी, तिला रानोमाळ हिंडवलं.

गेल्या हिवाळ्यात मात्र न्हाणीघरातल्या फरशांच्या रेघा त्यांना वाकड्या दिसायला लागल्या. डावा डोळा झाकला की मधल्या दोन फरशा गायबच. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. कडेचं दिसत राहील, मधलं जात राहील आणि गेलेलं परत येणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. घरी आल्यावर काकांनी बायकोला सांगितलं, नंबर थोडा वाढलाय.

टोळीत त्यांच्या तोडीचा एकच माणूस होता, कोपऱ्यावरचा औषधवाला. दोघांची मैत्री म्हणजे अठरा वर्षं चाललेलं भांडण. एकाने पूर्व म्हटलं की दुसरा पश्चिम म्हणणारच. एकदा चिखलातल्या एका पक्ष्याच्या पायांच्या रंगावरून दोघांनी तीन आठवडे अबोला धरला होता आणि तेवढे दिवस काका रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी पार स्टेशनापलीकडे चालत गेले होते.

त्या रविवारी नऊजण निघाले. सकाळ जंगलात गेली आणि काका खुशीत होते, कारण दाट झाडीत डोळ्यांपेक्षा कान जास्त कामाला येतात. दातांच्या डॉक्टरीणबाई टोळीत नव्याने आल्या होत्या. काकांनी त्यांना एका झाडाखाली थांबवून सुतारपक्ष्याची टकटक ऐकवली आणि न बघताच सांगितलं की तो वाळलेल्या फांदीवर बसलाय, ओल्या लाकडाचा आवाज असा कोरडा येत नाही. बाईंनी दुर्बीण लावली, तर खरोखर तसंच. टकटक करून पोकळी शोधायचं बाईंनाच जास्त कळत असेल, असं मागून औषधवाला पुटपुटला आणि सगळे हसले.

दुपारी ते पाणथळीवर पोचले. काठावर लाकडी फळ्यांची एक बुटकी खोली होती, आत एक लांब बाक आणि डोळ्यांच्या उंचीवर आडवी फट. पाणी उन्हात चकाकत होतं. पक्षी लांब होते आणि एकही ओरडत नव्हता. काका जिकडे दुर्बीण वळवत तिकडे नजरेच्या मधोमध बसलेला राखाडी डाग त्यांच्या आधी पोचलेला असे. लव्हाळ्यांवरून मोठं, तपकिरी काहीतरी संथपणे तरंगत गेलं. अठरा वर्षांच्या सवयीने सगळे काकांच्या तोंडाकडे बघत थांबले.

"दलदल ससाणा," काका म्हणाले. "मादी."

डॉक्टरीणबाई "पण..." एवढंच म्हणाल्या, तोच औषधवाला म्हणाला, "बरोबर. मादीच." आणि त्याने टोळीच्या नोंदवहीत पेन्सिलीने खरखर लिहूनही टाकलं.

काकांनी दुर्बीण खाली घेतली. हा माणूस आजवर एकदाही वाद घातल्याशिवाय बरोबर म्हणाला नव्हता. बाकीचे डबे घेऊन बाहेर सावलीत गेले, तसं काकांनी त्याची बाही धरली.

"काय होतं ते?"

औषधवाल्याने डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. "घार."

"साधी?"

"साधी."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"उन्हाळ्यापासून. दुकानात यायचास आणि माझ्या कानाकडे बघून बोलायचास. आधी वाटलं, माझ्याच कानाला काही झालंय."

काकांना हसू आलं नाही. ते बाकावर बसले आणि म्हणाले, "भांडला असतास तर बरं वाटलं असतं मला."

"सगळ्यांदेखत? जीभच रेटली नाही रे."

"खोड ते वहीतून. पाहिलेलंच लिहायचं, हे आपणच ठरवलंय."

"खोडतो. पण का खोडलं ते त्यांना तू सांगायचं."

काकांनी सांगितलं. सावलीत उभं राहून, हवामानाची माहिती द्यावी तशा सपाट आवाजात त्यांनी आजाराचं नाव घेतलं, मघाचा पक्षी घार होता हे सांगितलं, आणि पाणथळीवर यापुढे औषधवाल्याचं ऐकायचं, असं ठरवून टाकलं. जंगलात मात्र कान आहेत तोवर पुढे आपणच चालणार. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्यासाठी पाणी ओतलं आणि पेला त्यांच्या हातात नीट येईपर्यंत सोडला नाही. ते काकांच्या मनाला लागलं, पण त्यांनी तो घेतला.

परतल्यावर, बूट न काढताच, त्यांनी बायकोलाही सारं सांगितलं. तिने भाजी चिरायची थांबवली. डॉक्टर काय म्हणाले ते तिने दोनदा विचारून घेतलं आणि पुढच्या तपासणीला मी येणार, एवढंच बोलून सुरी पुन्हा हातात घेतली. तिचा राग आजारावर नव्हता, लपवण्यावर होता, आणि तो बरेच दिवस टिकला. तपासणीला मात्र ती गेली आणि डॉक्टरांसमोर सगळा वेळ त्यांचा हात धरून बसली.