आपली नाय ती गाडी

मी एक जुना, जोड मारलेला सायलेन्सर आहे. मित्रांनो, उभ्याने पाहिलंत तर मी तुम्हाला दिसणार नाही. गाडीखाली वाकावं लागतं. गाडी घेताना लोक टायरला लाथ मारून बघतात, हौदा बघतात, रंग बघतात. माझ्यासाठी कोणी वाकत नाही. त्याचा मला राग नाही. माझा राग दुसऱ्या गोष्टीचा आहे, आणि तो अजून निवलेला नाही.

कारखान्यात पत्रा वाकवून मला बनवलं. माझ्या पोटात आडव्या भिंती आहेत, भोकं पाडलेल्या नळ्या आहेत. इंजिनाचा आवाज आत शिरतो, भिंतींवर आपटतो, नळ्यांतून फिरतो आणि दमून बाहेर पडतो. आवाजाला दमवणं, एवढंच माझं काम.

१९९६ साली मी एका पिकअपखाली बसून मुरबाड तालुक्यात आलो. धसईच्या अलीकडे रस्त्याच्या वर एक पाडा आहे. तिथले धाकलूदादा माझे मालक. पहाटे शेतकऱ्यांची भेंडी आणि काकडी भरून ते कल्याणच्या बाजारात जायचे. दुपारी परत येताना पाड्याखालून तसेच पुढे धसईला जायचे, रिकाम्या टोपल्या ज्याच्या त्याला द्यायचे आणि मग घरी यायचे.

पाड्याखाली उंबराजवळ वळण आहे. तिथे चढ लागतो. दादा गिअर बदलायचे तेव्हा माझ्यातून हलका, घुमणारा आवाज निघायचा, रिकाम्या माठात फुंकर घातल्यासारखा. दादांची बायको सकुबाई तो आवाज ओळखायची. तो आला की ती तांदळाच्या पिठाची उकड काढायला घ्यायची. दादा धसईहून येईपर्यंत तवा तापलेला असायचा. तांदळाची भाकरी निवली की वातड होते, म्हणून तिने ती कधी आधी करून ठेवली नाही.

पाड्यातले बाकीचे लोकही माझ्या आवाजावर चालायचे. कोणाला धसईला डॉक्टरकडे जायचं असलं की आवाज ऐकून ते पायवाटेने खाली उतरायचे. दादा हॉर्न वाजवत नसत. गरजच नव्हती.

पाच वर्षं मी हे काम केलं. मला भोक पडलं नव्हतं, मी तुंबलो नव्हतो. माझ्याबद्दल कोणाची एकही तक्रार नव्हती. हे नीट लक्षात ठेवा.

मग शहापूरजवळ सकुबाईच्या माहेरी हळद होती. मांडवाबाहेर गाड्या लागल्या होत्या आणि पोरं उगाच रेस देत होती. सकुबाईचा भाऊ राघो सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजी, तुमची गाडी आली का मांजर आलं, कळलंच नाय."

"मांजर तरी म्याव करतं रे," मागून कोणीतरी म्हणालं.

सगळे हसले. दादाही हसले. पण दुसऱ्या दिवशी गाडी शहापूरच्या गॅरेजात उभी होती. मिस्त्री म्हणाला, "दादा, सरळ पाइप टाकतो. आवाज थोडासाच वाढेल. भारदस्त वाटेल."

थोडासाच. हा शब्द मी विसरलेलो नाही. मी त्या गाडीसाठी पाच वर्षं धूर गिळला, इंजिनाची धग सोसली, आणि एका टिंगलीसाठी मला हातोड्याने ठोकून काढलं.

दादांनी मला हौद्यात टाकून घरी आणलं. सकुबाई बघतच राहिली.

"या गरिबानं काय वाईट केलं होतं तुमचं?"

"भंगारवाल्याला देऊ."

"काय नाय द्यायचा. राहू दे हितं," ती म्हणाली आणि तिने मला पडवीत, लाकडांच्या ढिगाशी ठेवलं.

नवा आवाज तिने महिनाभरात ओळखीचा करून घेतला. पण पुढे वीटभट्टीवाल्याच्या गाडीला तोच पाइप लागला. मग दूधवाल्याच्या. मिस्त्री एकच, पाइपही एकच. प्रत्येकाला आपली गाडी वेगळी वाजायला हवी होती आणि सगळ्या एकसारख्या बोंबलू लागल्या. सकुबाई उकड काढून बसायची आणि गाडी भट्टीची निघायची. दादांच्या ताटात निवलेली भाकरी पडायची.

"वातड झाली गो," दादा म्हणायचे.

"मग गाडीला सांगा, वळणावर नाव घेऊन ये म्हणून."

तेव्हा मला हसू आलं होतं. पुढे काय होणार ते ठाऊक नव्हतं.

पुढच्या वर्षी होळीच्या आधी सकुबाईला दम लागू लागला. एके दिवशी सकाळी निघताना दादा तिला म्हणाले, "दुपारी गाडी आली की हौसाला घेऊन खाली उतर. धसईला डॉक्टरला दाखवू. खाली दिसली नायस तर समजेन बरं वाटतंय." आवाज ऐकून खाली उतरायचं, ही पाड्याची जुनी रीत. आवाज आता तो राहिला नाही, हे कोणाच्या मनात आलं नाही.

दुपारी वळणावर गाडी गरजली. शेजारची हौसा सकुबाईला धरून पायवाटेने अर्ध्यावर घेऊन गेली. गाडी भट्टीची होती. परत वर चढताना सकुबाईला फार धाप लागली. ती पडवीत माझ्याजवळच आडवी झाली.

थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला.

"वयनी, आली बघा गाडी," हौसा म्हणाली.

"आपली नाय ती. भट्टीवाल्याचीच हाय, दुसरी खेप. आता नाय उठवत गो माझ्यानं."

ती दादांची गाडी होती. दादा त्या चढावर गिअर जरा उशिरा बदलतात, त्यावरून मी ओळखलं. पण इंजिनाशिवाय मला तोंड नाही. मी लाकडांशी नुसता पडून राहिलो.

खाली रस्त्यावर कोणी नाही हे पाहून दादांना बरं वाटलं. ते धसईला गेले, टोपल्या उतरवल्या, चहा घेतला आणि मग घरी आले. सकुबाईने डोळे उघडले.

"कवा आलात? आवाज नाय आला."

त्यांनी तिला उचलून गाडीत घातलं आणि थेट मुरबाडला नेलं. संध्याकाळी ती गेली.

मी असतो तर ती वाचली असती, असं मी म्हणत नाही. ते डॉक्टरलाही सांगता आलं नाही. पण आपला माणूस आला आहे, खाली रस्त्यावर आहे, एवढं तरी तिला कळलं असतं. तेवढं माझं काम होतं. ते माझ्याकडून काढून घेतलं.

दिवसकार्य झाल्यावर दादांनी मला पुसलं. कोंबडी माझ्या आडोशाला अंडी घालायची, तिथलं गवत काढलं आणि मला शहापूरला नेलं. माझा पत्रा गंजला होता, त्याला जोड मारावा लागला. मिस्त्री म्हणाला, "चांगला पाइप काढून हा जुना डबा कोण लावतं, दादा?"

"लाव," दादा म्हणाले.

आता मी परत गाडीखाली आहे. परवा आम्ही वळणावर आलो, दादांनी गिअर बदलला, आणि वर अंगणातून हौसाचा आवाज आला, "वयनी, गाडी आली गो." सवयीने बोलून गेली ती. दादांनी उंबराखाली गाडी उभी केली आणि बराच वेळ चालू केली नाही.

मला परत बसवलं म्हणून मी खूश आहे, असं समजू नका. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, गाड्या घ्याल. मोडलेलं बदला, फुटलेलं बदला. पण नीट चाललेलं काही काढून टाकण्याआधी, घरात त्याच्यावर कान ठेवून कोण बसतं, ते बघा आणि त्या माणसाला विचारा. माझं राहू द्या, मी लोखंड आहे. पण तिलाही कोणी विचारलं नव्हतं.