धुतलेला दगड

"चाळीस दिवस? बाई, दगडाचं बाळंतपण काढताय का?" साहेब म्हणाले आणि अख्खी प्रयोगशाळा हसली.

मीही हसले. तेलविहिरींतून आलेले दगड धुण्यात सव्वीस वर्षं घालवली, एवढं हसू अंगवळणी पडलेलं असतं.

गोष्ट साधी होती. कच्च्या तेलातला डांबरासारखा जड अंश दगडाला चिकटतो. मग तो दगड तेलाचाच होतो, पाण्याला जवळ करत नाही. आम्ही त्याला रसायनाने धुतलं की तो चकाचक होतो आणि पाणी गटागटा पितो. खोटारडा मेला! म्हणून त्याला पुन्हा त्याच तेलात, जमिनीखाली असते तेवढ्या उष्णतेत, चाळीस दिवस मुरवायचं आणि मगच तपासायचं.

"साहेब, धुतलेल्या दगडावर भरवसा ठेवू नका. तेल वर ढकलायला खाली पाणी सोडलं, तर ते ढकलणार नाही. वाट काढून नुसतं निघून जाईल."

"सोमवारी अहवाल हवाय, धुतलेल्या दगडाचाच द्या. सही करा, डोकं खाऊ नका."

त्याच विहिरींवर माझा धाकटा भाऊ नऊ वर्षं हंगामी कामाला होता. पाणी सोडायचं काम सुरू झालं की तो कायम होणार होता. मी सही केली.

दीड वर्षात विहिरींतून पाणीच वर यायला लागलं. तेल खाली राहिलं ते राहिलंच. दोनशे माणसं घरी बसली.

भाऊ माझ्याकडे आला. मी चहा केला, तो त्याच्यासमोर निवत राहिला. त्याने खिशातून दगडाचा तुकडा काढून टेबलावर ठेवला.

"विहिरीतला आहे, ताई. आठवण म्हणून आणला."

मी पाण्यात बोट बुडवून त्या तुकड्यावर थेंब सोडला. सवय, दुसरं काय! थेंब जिरला नाही. गोल, टपोरा, तसाच बसून राहिला.

"नशीबच फुटकं आपलं," तो म्हणाला. "दगडानेच दगा दिला."



"दगडाने नाही रे. मला माहीत होतं. अहवालावर सही माझी आहे."



"माझ्यासाठी केलीस?"

मी मान डोलावली.

त्याने थेंब बाहीने पुसला, दगड खिशात टाकला आणि गार चहा एका दमात संपवला. त्याचा कप आजवर मीच उचलत आले. आज तो स्वतः उठला, कप विसळला आणि परक्याच्या घरी ठेवावा तसा हलकेच पालथा घातला.