पहिलवानाचं बाळंतपण

दवाखान्याच्या नोंदणी कचेरीत चहा करणाऱ्या मावशींच्या धाकट्या नातीला पहिला दात आला, त्या वर्षीची ही गोष्ट. सकाळी नऊलाच कचेरीत मुंगीला शिरायला वाट नव्हती. जो तो म्हणत होता, "उलटेबाबा आले!"

झालं होतं असं. कचेरीतली सगळी माणसं कॉम्प्युटरवरच्या एकाच सामायिक यादीत बदल करत. आदल्या दिवशी नव्या मुलीच्या हातून भलताच बदल पक्का झाला आणि येईल त्या रोग्याला बाळंतपणाचीच चिठ्ठी मिळू लागली. सत्तरीचा पहिलवान गुडघा दाखवायला आला, तर यंत्रातून चिठ्ठी निघाली: 'नववा महिना. वजन उचलू नये.'

"मी परत फिरवते ना, साहेब," मुलगी म्हणाली.

"खबरदार हात लावलास तर!" साहेब कडाडले आणि त्यांनी बिघडलेलं उलटवून देणाऱ्या या बाबांना बोलावणं धाडलं.

बाबांनी खुर्चीत बैठक मारली. "सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करा! डोळे मिटा! मी काळ मागे फिरवतोय. जो बघेल, त्याचं वय दहा वर्षांनी कमी होईल!"

हे ऐकताच दारावरची बाई हळूच वळू लागली. बाबांनी तिला दटावलं.

टक्.

पहिलवानाची नवी चिठ्ठी आली: 'गुडघा'. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"ती नोंद काळाच्या पोटातून मुळासकट उपटली!" बाबा गरजले. "पण या पोरीचा हातच उलटा. आजच्या आज घरी पाठवा, नाहीतर उद्या साहेबांनाच कळा सुरू होतील."

साहेबांचा हात आपसूक पोटावर गेला. मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. घरात कमावणारी ती एकटीच.

तेवढ्यात मावशी चहा घेऊन आल्या. मावशी पन्नाशीनंतर अक्षरं शिकलेल्या, म्हणून दिसेल ते बोट ठेवून शेवटपर्यंत वाचायची त्यांना खोड. त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं.

"काय हो बाबा, उपटली ना? मग ही काय? 'काल, चार वाजता. विभाग: बाळंतपण.' पुढे पोरीचं नाव. आणि त्या नोंदीच्या डोक्यावर तुमची: 'आज, साडेनऊ. खालची नोंद उलटवली.' अगंबाई, दर ओळीपुढे बटणच आहे की! 'उलटवा'."

"ते फक्त सिद्ध हातालाच वश होतं."

मावशींनी बाबांच्याच ओळीपुढचं बटण दाबलं. टक्. यंत्रातून चिठ्ठी: 'नववा महिना'.

"अहो, पुन्हा?" पहिलवान किंचाळला.

"दम धरा, दादा. ये गं बाळ, मोकळं कर यांना."

मुलीने बटण दाबलं. 'गुडघा'.

बाबा चहा न घेताच सटकले.

"काळबीळ काही फिरला नाही," मावशी म्हणाल्या. "चूक होती तिथेच आहे, तिच्यावर दुरुस्ती लिहिलीय. कुणी डोळे मिटा म्हणालं, की आधी उघडा. आणि खालपर्यंत वाचा रे, तुम्हाला तर लहानपणीच शिकवलंय!"

साहेबांनी मान खाली घातली. मुलगी कामावर राहिली.

पहिलवान पुढच्या वर्षी वारला, म्हातारपणाने. मावशी त्यानंतर अकरा वर्षांनी, मार्चच्या नऊ तारखेला, सकाळी त्याच दवाखान्यात वारल्या. त्यांची नोंद त्या मुलीनेच केली. बोट ठेवून, दोनदा वाचून.