बक्कल नसलेली सँडल

"एक नंबर मोठीच दे," वहिनी म्हणाली. "आणि वाकून बक्कल लावायला नको. नुसती पायात सरकली पाहिजे."

बावीस वर्षं मी या दुकानात लोकांचे पाय मोजतेय. पोरीच्या सँडलला बक्कल नको म्हणणारी आई पहिल्यांदाच बघितली. सात वर्षांची भाची स्टुलावर पाय हलवत बसली होती.

"आत्या, रविवारी आजी मला फिरायला नेणारेय! मग आठ दिवस शाळेला दांडी!"

मलाही आईने असंच फिरायला नेलं होतं, नवी सँडल घालून. एका बाईच्या मागच्या खोलीत दोघींनी माझे पाय धरले आणि तिने ब्लेडने खाली कापलं. आठ दिवस वाकताही येत नव्हतं. मुलगी शुद्ध होते म्हणे! तेव्हापासून लघवीला जायचं म्हटलं तरी अंगावर काटा येतो. लग्न वर्षभरही टिकलं नाही.

"वहिनी, हा कायद्याने गुन्हा आहे. आत टाकतील."

"हळू बोल गं! आपल्यात सगळ्यांचंच झालंय. तुझं झालं, माझं झालं. मेलो का आपण?"

आता हिला काय सांगणार, कप्पाळ! सँडल बांधून दिली आणि दुपारी गोदामात जाऊन बायकांच्या मदत केंद्राला फोन लावला. तिथल्या बाईने पत्ता लिहून घेतला. मग हळूच विचारलं, "ताई, तुमचंही झालंय का?" चाळीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी ढसाढसा रडले.

शनिवारी पोलीस दादाच्या घरी गेले. पोरीला कापणार नाही, असं आईकडून, दादाकडून लेखी घेतलं. आता दर महिन्याला केंद्रातलं कुणीतरी येऊन पोरीची चौकशी करणार. आईने फोनवर एवढंच म्हटलं, "तू आम्हाला मेलीस."

दर गुरुवारी मी केंद्रात जाते. तिथल्या डॉक्टरीणबाई हात लावायच्या आधी विचारतात. बाकीचे दिवस घरात कुकरची शिट्टी तेवढी बोलते. खोटं कशाला सांगू, फार एकटं वाटतं.

परवा बागेच्या कुंपणाबाहेरून भाची दिसली. पोरांशी शर्यत लावून पळत होती. मध्येच सँडल पायातून निसटली, पण पठ्ठी थांबते कसली! एक पाय उघडा, तशीच सुसाट गेली.

सँडल उचलायला वहिनी कुंपणापाशी आली. मला बघितलं, सँडलवरची माती झटकली आणि पोरीच्या मागे गेली.

पोरीचा पाय वाढतोय. पुढची सँडल दुसऱ्या दुकानातून घेतील. बक्कलवाली घ्या, एवढंच सांगायचं होतं.