संघ का हरत होता, ते मला ठाऊक होते

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे, पण माझ्यावर कुणी बसत नाही. माझ्यावर धिप्पाड माणसे पालथी झोपतात, कण्हतात आणि मनातले सगळे बोलून टाकतात. मी कारांगजाती गावाच्या फुटबॉल संघाचा मालिशचा बाक आहे. यंदा आमच्या संघाचे जे झाले त्यावर अख्खे गाव बोलले, वर्तमानपत्रांनी रकाने भरले. पण खरे कारण दोघांनाच माहीत होते. एक आमचे मालिशवाले तुकिरानकाका, दुसरा मी. काकांना बोलायची चोरी होती आणि मला तोंडच नाही. म्हणून आज सांगतो, नीट ऐका.

माझा जन्म लाकूडकामासाठी नावाजलेल्या जपारा गावात एका सुताराच्या अंगणात झाला. अस्सल सागवान, पाय हत्तीसारखे, आणि तोंड खाली घालून श्वास घेता यावा म्हणून उशाशी एक गोल भोक. मला छोट्या ट्रकमधून मैदानावर आणले त्या दिवशी तुकिरानकाकांनी माझ्यावर तळहात फिरवला आणि म्हणाले, "हा माझ्यापेक्षा जास्त टिकणार." काका पूर्वी मासेमारी करायचे. वीस वर्षे ओली जाळी ओढून त्यांचे अंगठे असे झाले होते की स्नायूतली गाठ कातडीवरूनच कळायची. खोबरेल तेलात आले आणि जायफळ उकळून ते स्वतः तेल करत. त्या तेलाने मी काळा झालो, गुळगुळीत झालो. माझ्यावरून उठलेल्या पायांनी दुसऱ्या श्रेणीचा चषक आणला, आमचा संघ पहिल्या श्रेणीत गेला, आणि मागच्या वर्षी तर अठरा संघांत चौथा आला. आमच्या सदऱ्यावर रानबैलाचे चित्र आहे. म्हणून सगळे संघाला बान्तेंग म्हणतात. आमच्याकडे रानबैलाला तेच नाव आहे. चौथे आलो त्या रात्री चषक न मिळताही गावाने मिरवणूक काढली होती.

आणि यंदा? सतरा सामने, दोन विजय. गुणतक्त्यात सगळ्यांत खाली आम्ही.

मैदानाच्या फाटकासमोर सुमीमावशींची तेंपे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, तळायची टपरी आहे. तिथे रोज नवे कारण निघे. कुणी म्हणे, नव्या सदऱ्याचा हिरवा रंग अपशकुनी. कुणी म्हणे, खेळाडूंची पोटे सुटली. एकाने तर उत्तरेकडच्या गोलखाली काहीतरी पुरले आहे असे शपथेवर सांगितले. सुमीमावशी कढईतला झारा न थांबवता म्हणाल्या, "पुरलंय ना, तुझी अक्कल. ती काढ आधी वर."

खरी गोष्ट अशी. हंगामाच्या सुरुवातीला विनार्दी नावाचे नवे प्रशिक्षक आले. माणूस वाईट नव्हता. पण आधीच्या संघात त्यांना खोटी दुखणी सांगून सराव चुकवणारे खेळाडू भेटले होते, त्याचा राग त्यांनी इथवर वागवत आणला होता. त्यांनी विजेवर थरथरणारा एक नवा पलंग आणवला. त्यावर झोपणाऱ्याने कुठे दुखते ते सांगायचे आणि ते लगेच कागदावर छापून प्रशिक्षकांच्या टेबलावर जायचे. ज्याचे नाव गेले त्याचे नाव फळ्यावर, आणि मग तीन सामने बाहेर. बहुतेकांचा करार हंगाम संपताच संपणार होता. बाहेर बसणे कुणाला परवडणार? सगळे त्या पलंगावर झोपून एकच सांगत, "काही नाही सर, ठणठणीत आहे."

मला उचलून उत्तर गोलमागच्या जाळ्यांच्या खोलीत टाकले. काकांनाही तिथेच चेंडूंची आणि जाळ्यांची देखभाल दिली. माझ्या अंगावर झेंडे आणि फाटकी जाळी पडली. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण थोड्याच आठवड्यांत एका पहाटे, नमाज आटोपून, आमचा कर्णधार ब्राम दबक्या पावलांनी आत आला.

"काका, मांडीचा मागचा स्नायू धरलाय. जोरात धावलो की सुरी फिरते."

"सरांना सांग की."

"नको. कुणालाच सांगू नका. शपथ आहे तुम्हाला."

काकांनी मान हलवली, माझ्यावरचे झेंडे बाजूला केले आणि तेल घेतले. पालथा पडलेला ब्राम माझ्या भोकातून जमिनीशी बोलल्यासारखा बोलत होता. "हरतोय ते माझ्यापायी. बाकीचे बघा ना. तो सुगेंग गोलमध्ये कसा दगडासारखा भक्कम उभा असतो."

दुसऱ्या दिवशी तोच दगड आला. गोलरक्षक सुगेंगचा डावा खांदा कानाच्या वर जात नव्हता. "सगळे ठणठणीत आहेत काका. या कळपात मीच एक लंगडं जनावर. शपथ घ्या, बोलणार नाही म्हणून."

मग मालुकू बेटांवरून आलेला आमचा आघाडीवीर एलियास आला, सुजलेला घोटा घेऊन. त्याच्यामागून आणखी चौघे. प्रत्येक जण वेगळ्या पहाटे आला, प्रत्येकाने शपथ घातली, आणि प्रत्येकाला वाटे, दुखणे आपल्या एकट्याचेच आहे. मित्रांनो, आता तुम्हीच जोडून बघा. ब्राम बचावात अर्धे पाऊल मागे राही, त्या फटीतून समोरचा आत घुसे. सुगेंगला वाटे, ब्राम अडवणारच. तो पुढे येत नसे. शेवटी चेंडू डाव्या कोपऱ्यात वर जाई, जिथे त्याचा हात पोचत नव्हता. पुढे एलियास वळायच्या आधीच चेंडू सोडून देई. दुखणाऱ्या माणसाला सोबत्याने सांभाळून घेतले असते. पण माहीतच नसेल तर सांभाळणार कसे?

काकांना हे रोज दिसत होते. खोलीत कुणी नसले की ते माझ्यावर मूठ आपटत. पण त्यांनी शब्द दिला होता, आणि दर्यावर जन्म काढलेला माणूस दिलेला शब्द मोडत नाही.

सतरावा सामना घरच्या मैदानावर होता. पाच-शून्य हरलो. लोकांनी ढोल उलटे ठेवले आणि मैदानाकडे पाठ करून उभे राहिले. दुसऱ्या पहाटे ब्राम आला तो मालिशसाठी नव्हताच.

"कर्णधारपद सोडतोय. संघही सोडतोय. माझ्यामुळे हे गाव खाली जाणार असेल तर मी इथं कशाला राहू?"

काकांनी हातातल्या जाळीची गाठ सोडवली. मग म्हणाले, "गुरुवारी ये. नमाज झाली की लगेच. तोवर कुणाशी बोलू नकोस. एवढं माझं ऐक."

गुरुवार उजाडला. दार उघडून ब्राम आत आला आणि झेंड्यांच्या ढिगामागे उभा असलेला सुगेंग त्याला दिसला.

"तू इथं काय करतोयस?"

"मी? जाळी बघायला आलो. आपली जाळी जरा ढिली वाटते."

"पाच गोल खाल्ल्यावर जाळी ढिलीच होणार," ब्राम म्हणाला.

"आणि तू?"

"चेंडू मोजायला."

इतक्यात एलियास लंगडत आत आला, दोघांना बघून चक्क सरळ चालू लागला आणि तिसऱ्या पावलाला "आई गं" करून माझ्यावर कोसळला. मग आले चौथा, पाचवा, सहावा. सातव्याने दारातूनच विचारले, "कुणाचं लग्न आहे का इथं?"

सगळ्यांनी काकांकडे पाहिले. काका तेल गरम करत होते, अगदी शांतपणे. "माझ्याकडे बघू नका. मी कुणाचं काही कुणाला सांगितलेलं नाही. वेळ तेवढी सगळ्यांना एकच दिली गेली. म्हातारा झालो, घोटाळा होतो."

माझ्या लाकडात धडधड सुरू झाली, खरेच सांगतो. मग ब्रामने एलियासला उठवले, स्वतः माझ्यावर पालथा झाला आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला, "काका, उजवी मांडी. दोन महिने झाले. मी लपवलं."

"दोन महिने?" सुगेंग म्हणाला. "गाढवा, मग मी पुढं आलो असतो ना!" आणि त्याने डावा हात वर करून दाखवला. तो कानापाशी अडकला. ब्राम त्याच्याकडे बघत राहिला, आणि मग हसू फुटले. सात दांडगे पुरुष त्या कोंदट खोलीत पोट धरून हसले. दोघांचे डोळे पुसणे चालले होते, ते मात्र हसण्यामुळे नव्हते.

तसेच ते विनार्दींच्या खोलीत गेले. तिथे काय झाले ते काकांनी दुपारी जाळी शिवताना मला सांगितले. सात नावे ऐकून प्रशिक्षक खुर्चीतून उठले. "सात जणांना बसवलं तर खेळणार कोण?"

"सर," ब्राम म्हणाला, "आत्ता तरी कोण खेळतंय?"

विनार्दी खिडकीपाशी गेले. तिथून म्हणाले, "मला कुणी सांगितलं का नाही?" सगळ्यांनी फळ्याकडे बघितले. प्रशिक्षकांनी ओला फडका घेतला आणि स्वतःच्या हाताने फळा पुसला.

मला पुन्हा कपडे बदलायच्या खोलीत आणले, त्या विजेच्या पलंगाशेजारी. तो थरथरून स्नायू सैल करी, मग काका गाठी शोधत. बरे जमले आमचे. दोघातिघांना आळीपाळीने विश्रांती, त्यांच्या जागी राखीव गडी. लगेच जिंकू लागलो असे समजू नका. पुढचे दोन सामने हरलोच. पण तिसरा बरोबरीत सुटला, चौथा जिंकलो, आणि लोकांनी ढोल सुलटे केले.

शेवटच्या सामन्याला आम्ही अशा जागी होतो की बरोबरी झाली तर वाचणार, हरलो तर दुसऱ्या श्रेणीत. काकांनी हट्टाने मला मैदानाच्या कडेला नेऊन ठेवले. मित्रांनो, तेवीस वर्षांत मी पहिल्यांदा सामना पाहत होतो. एवढे हिरवे, एवढी माणसे, आणि ढोलांनी माझे चारही पाय थरथरत होते. चाळिसाव्या मिनिटाला एलियासने बरोबर वळून गोल केला. मध्यंतरानंतर समोरच्यांनी फेडला. एक-एक.

सत्तराव्या मिनिटाला ब्राम थांबला आणि त्याने हात वर केला. आपणहून. तो लंगडत बाहेर येऊ लागला तशी पहिल्यांदा सुमीमावशींनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. विनार्दींनी त्याचा हात खांद्यावर घेऊन त्याला माझ्यापर्यंत आणले.

काका मालिश करत होते, पण डोळे मैदानावर. "काका, तो पाय बरा आहे," ब्राम भोकातून म्हणाला, "दुसरा धरा."

शेवटचे मिनिट. समोरचा एकटा सुटला. सुगेंग या वेळी पुढे आला, चेंडू डावीकडे वर गेला, आणि त्याचा डावा हात कानाच्या, डोक्याच्याही वर गेला. बोटांची टोके लागली. चेंडू बाहेर.

"काय झालं? काका, काय झालं?" ब्राम ओरडत होता. काकांनी त्याच्या पाठीवर दोन्ही हातांनी ढोल वाजवला.

सामना बरोबरीत सुटला, आम्ही पहिल्या श्रेणीत वाचलो आणि पंधरावे आलो. वर्तमानपत्राने लिहिले, 'बान्तेंगचा निराशाजनक हंगाम', आणि ते खरेच आहे. चौथ्याचे पंधरावे होणे ही काही मिरवायची गोष्ट नव्हे.

माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. तुमचा संघ हरला, तुमचा मित्र मागे पडला, घरातले कुणी एकाएकी चिडचिडे झाले, तर लगेच पाठ फिरवू नका. जवळ जाऊन विचारा. "काही नाही, ठीक आहे" असे उत्तर आले, तर जरा थांबा आणि पुन्हा एकदा विचारा.