मामाचं काम

काव्या सकाळपासून दाराकडं डोळे लावून बसली होती. पिक्चर काढताना बाई भलतीच धीट होती, आणि आता दारात पेपर पडला तर हिला उचलायचं धाडस होईना! रविवारच्या पुरवणीत तिच्या पहिल्या सिनेमाचं परीक्षण आलं होतं. ते तिनं उठल्या उठल्या मोबाईलवर वाचलं होतं. चांगलं होतं, हीच तर पंचाईत.

सिनेमा तसा हसवणारा. एक पोरगी, तिच्यावर लट्टू झालेला बँकेतला कारकून, आणि ती पाळण्यात असतानाच तिला मागणी घालून बसलेला तिचा सख्खा मामा. पुण्याच्या समीक्षकानं साडेतीन तारे देऊन लिहिलं होतं, ‘मामा पडद्यावर आला की पोट धरून हसू येतं. भाचीला बायको करायला निघालेल्या या येडपटाला दिग्दर्शिकेनं यथेच्छ झोडपलं आहे.’

आता भवानी पेठेतल्या या घरात काव्याचे वडील अप्पा, म्हणजे ईश्वरप्पा, हे तिच्या आईचे, अव्वाचे, सख्खे मामाच की! सीमेलगतच्या कानडी मैंदर्गीहून बहिणीची लेक बायको करून आणलेली. अव्वा, म्हणजे चंद्रव्वा, अजूनही नवऱ्याला मामाच म्हणायची. लिहिताना काव्याला हे आठवलं नव्हतं असं नाही; कोण एवढं मनावर घेतंय, म्हणून तिनं रेटून नेलं होतं.

पेपर गादीखाली सरकवावा म्हणून ती उठली, तोवर अप्पांनी तो उचललाही. अव्वाला वाचता यायचं ते फक्त कन्नड, त्यामुळे चहाबरोबर मराठी पेपर अप्पाच मोठ्यानं वाचून दाखवायचे.

अप्पा वाचत गेले. त्या ओळीपाशी आवाज अडला. त्यांनी चष्मा पुसला.

“मामाचं काम लई झकास झालंय, असं लिवलंय,” ते म्हणाले, आणि पुढचा मजकूर वाचायला लागले.

काव्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मग संध्याकाळी जाऊ की बघायला, मामा!” अव्वा खुशीत म्हणाली. “काव्या, पोरगी शेवटी मामालाच करती न्हवं?”

“तूच सांग बाई,” अप्पा पेपराआडून म्हणाले.

खोटं बोलावं तर संध्याकाळी पडद्यावर उघडं पडणार. काव्या कशीबशी म्हणाली, “नाही अव्वा. ती मामाला नको म्हणते.”

अव्वानं बशी खाली ठेवली. आता ही रडणार, नाहीतर आपल्या कानफटात बसणार, या भीतीनं काव्यानं मान खाली घातली.

“नको म्हणती?” अव्वा नवऱ्याकडं बघत म्हणाली. “म्हंजी, तिला इच्यारत्यात व्हय?”