दात हलतो, पाय कशाला?

भडगावच्या बँडमध्ये भाईदास वीस वर्षं क्लॅरिनेट वाजवत होता. त्या लग्नसराईत एरंडोलच्या एका वरातीत त्याला तोंडात खारट लागलं. वाद्य खाली घेतलं तर तोंडाकडच्या पट्टीवर रक्त. पट्टी जुनी झाली, हिरडीला घासते, असं समजून त्याने नवी बसवली. रक्त थांबलं नाही. पुढे हिरडी सुजली, पू आला, समोरचा दात हलायला लागला. तुरटीच्या गुळण्या झाल्या, लवंग झाली. सूर धरला की दात पट्टीवरून सरके आणि सूर फाटे.

शेवटी बायकोला, द्रौपदाबाईला, घेऊन तो जळगावला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. दात काढायचा आणि दुपारच्या गाडीने परतायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

बाईंनी हिरड्या बराच वेळ पाहिल्या. मग विचारलं, "तहान फार लागते का?"

"उन्हात वाजवतो आम्ही. लागणारच."

"रात्री लघवीला उठावं लागतं?"

भाईदास चक्रावला. दाताच्या दवाखान्यात हे कसलं विचारणं? तेवढ्यात बाई म्हणाल्या, "पायातला बूट काढा बरं."

त्याने बायकोकडे पाहिलं. बँडच्या बुटाने उठलेला फोड दोन महिने भरला नव्हता, पण दुखत नव्हता म्हणून त्याने कुणाला सांगितलाच नव्हता. बाईंना तरी कसं कळलं? जखम पाहून त्यांनी दात काढायचं नाकारलं आणि रक्त-लघवी तपासायची चिठ्ठी लिहून दिली.

बाहेर पडल्यावर तो पायरीवर बसला. "मना दात हालस, आनि ही बाई पाय देखस. हिले दात काढता येत नही का काय? स्टँडजवळ दात काढणारा बसस, त्याकडे जाऊ."

द्रौपदाबाईने चिठ्ठी त्याच्या हातातून घेतली. मग हळूच म्हणाली, "तुम्ही रातले चार-चार दाव उठतस. मोरीमां मुंग्या लागतस. माले वाटे, गूळ सांडना व्हई."

आता तर त्याचं डोकंच चालेना. मोरीतल्या मुंग्यांचा आणि दाताचा काय संबंध? पण बायको चिठ्ठी हातात धरून उभी होती, म्हणून तो उठला.

रक्तातली साखर चारशेच्या वर निघाली, लघवीतही साखर उतरलेली. मोठ्या डॉक्टरांनी त्याच दिवशी भरती करून घेतलं. आणखी पंधरा दिवस गेले असते तर पाऊल कापावं लागलं असतं, असं त्यांनी सांगितलं. अठरा दिवस तो दवाखान्यात होता. पाय वाचला. इन्सुलिन सुरू झालं, तसा पू आटला, हिरड्यांची सूजही उतरली. तो दात मात्र दवाखान्यातच, चहात खारी बुडवून खाताना, आपणहून पडला.

घरी जाण्याआधी तो डॉक्टरीणबाईंना भेटायला गेला. "बाई, एक सांगा. साखरेनं हिरडी खराब झाली, का हिरडीनं साखर वाढली?"

"दोन्ही एकमेकांना बिघडवतात, भाऊ."

"मग सुरुवात कुणी केली?"

बाई हसल्या. "तुमच्या बाबतीत बहुतेक साखरेनं. पण आधी बोलली ती हिरडी."

गाडीत तो खिडकीशी बसला. एरंडोल आलं तरी हिशेब लागेना. दोनदा त्याने बायकोला विचारलं, "तुले समजनं का?"

"नही," ती म्हणाली. "पन सुई येळवर घ्या."

पुढच्या लग्नसराईत तो पुन्हा उभा राहिला, दुसऱ्या रांगेत. दातांच्या फटीतून हवा निसटायची, वरचे सूर लागायचे नाहीत. खालचे तो धरून ठेवायचा.